एकेचाळीस नंबरचं पत्र

रूपसिंग,

तू गेल्याचं तुझ्या लेकीनं, विमलनं, फोनवर सांगितलं तेव्हा मी अंगणात बसून मिरच्यांचे देठ खुडत होते. फोन ठेवला आणि त्याच हातांनी डोळे पुसले. त्यामुळे पुढचा तासभर मी जे रडले त्यातलं तुझ्यासाठी किती आणि मिरचीमुळे किती, हे मला सांगता येणार नाही. एरवी मी म्हटलं असतं, सगळं तुझ्यासाठीच. पण आता तुझ्याशी खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय. पंचवीसेक वर्षं बोलले, तेवढं पुरे.

आज बावीस दिवस झाले. आणि खरं सांगू? मला फार हलकं वाटतंय. लोक म्हणतील, म्हातारीला काही लाज? माणूस गेला आणि ही हलकी झाली. तू नाही म्हणणार. तू हसशील, ते तुझं आवाज न करता नुसते खांदे हलवत हसणं.

पण वाचणाऱ्यांना आपला ओटा काय माहीत? त्यांच्यासाठी थोडं मागून सांगते. तू तोवर तंबाखू मळत बस.

नंदुरबार तेव्हा नुकताच जिल्हा झालेला आणि मी नुकतीच चाळिशी ओलांडलेली. दोघांनाही वाटायचं की आता जगाचं आपल्याकडे लक्ष आहे. मी कॉलेजात ग्रंथपाल होते, कडक इस्त्रीची सुती साडी नेसायचे, गळ्यात दोरीला चष्मा, आणि बोलताना वाक्य पूर्ण झालं की किंचित थांबायचे, समोरच्यानं कौतुक करावं म्हणून. तेव्हाची मी आज दारात आली तर मी तिला पाणीसुद्धा विचारणार नाही.

कॉलेजसमोर सलीमभाईंचा एसटीडी बूथ होता. घराणं मिरचीच्या व्यापारातलं, पण सलीमभाईंना यंत्रांचं वेड. त्यांनी कॉम्प्युटर आणला, मोडेम आणला. पहाटे दर कमी असायचा, म्हणून साडेपाचला मी त्यांच्या शटरशी हजर. नाशिकचा नंबर लावायचा, मोडेम मांजरीची शेपटी दारात सापडल्यासारखा ओरडायचा, आणि एकदम गप्प झाला की समजायचं, जुळलं. मग पत्रं उतरवून घ्यायची आणि लाइन तोडायची. वाचणं नंतर, फुकटात. पण मला कुठला दम? मी लाइन चालू ठेवूनच पहिली दोनतीन वाचायला लागायचे आणि मीटर पळताना पाहून मागून सलीमभाई ओरडायचे, "बाई, मीटर पयी ऱ्हायनं! भांडन घर जाईसन करा!"

हो, भांडणंच. ओटा म्हणजे जगभरच्या मराठी माणसांचा पत्रांचा अड्डा. सगळ्यांनी एकाच पत्त्यावर लिहायचं आणि तिथलं यंत्र ते सगळ्यांना वाटायचं. दिवसभराची पत्रं दुसऱ्या दिवशी पहाटे एका गठ्ठ्यात यायची, ओळीनं नंबर घातलेली. एक, दोन, तीन, कधी साठ, कधी पासष्ट. आपण लिहिलेलं पत्रही त्यातच परत यायचं, म्हणजे पोचलं हे कळायचं. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत, कारण आपली अक्षरं त्या यंत्रांना यायची नाहीत. ना फोटो, ना चेहरे. माणसं गावावरून ओळखायची: टोरोंटोकर, मस्कतकर, डॅलसकर. आणि मी नंदुरबारकर. थालीपिठात काकडी घालावी का यावर नऊ दिवस चाललेलं भांडण मला आठवतं. देव आहे का, यावर पाचच दिवस चाललं होतं.

एक गोष्ट मात्र त्यात चांगली होती. उत्तर यायला दिवस लागायचा. लिहून टाकलेल्या रागावर माणूस झोप काढून उठायचा.

आणि मग तू आलास. आमच्या कॉलेजात शिक्षकांच्या कॉम्प्युटर प्रशिक्षणाला, खापर गावाच्या बाजूच्या आश्रमशाळेतून. पंचवीस जणांत एकट्या तूच माझ्याकडे येऊन विचारलंस, "बाई, या पेटीत कोणी बोलायला असतं का?"

मी ओट्याचं सांगितलं. थांबून कौतुकाची वाट पाहिली.

"मग मला पण बसव तू त्या ओट्यावर," तू म्हणालास.

तू! बारा वर्षांनी लहान मुलगा मला अरेतुरे करतो! मला ते इतकं झोंबलं की घरी येऊन मी यजमानांना दोनदा सांगितलं. तुमच्या बोलीत राजालाही तूच म्हणतात, हे कळायला मला चार वर्षं लागली. ग्रंथालयात सगळी पुस्तकं होती, पण हे कुठल्या कपाटात होतं कुणास ठाऊक.

तुझ्या शाळेत कॉम्प्युटर होता. त्याच्यावर प्लास्टिकचं कव्हर, खोलीला कुलूप, आत जायचं तर चपला बाहेर. पण फोन नव्हता. मग तू शोधून काढलास तो रस्ता, ज्यावर मी आजही फिदा आहे. तू शाळेत बसून पत्र टाइप करायचास, फ्लॉपीत भरायचास, फ्लॉपी प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवी स्टीलच्या डब्याच्या वरच्या खणात. खालच्या खणात तुमच्याकडचा आमचूर, डबा हलका वाटू नये म्हणून. आणि डबा नंदुरबारच्या एसटीत कंडक्टर भटूभाऊंच्या हातात. मी फ्लॉपीतलं पत्र पहाटे पाठवायचे, नवा गठ्ठा तिच्यात भरायचे, खालच्या खणात लाल मिरची घालायचे, आणि दुपारच्या गाडीला डबा परत. भटूभाऊ एकदा न राहवून म्हणाले, "या डब्बाम्हा शे तरी काय बाई? रोज जास, रोज येस, नि सांडत कधीच नई!"

मी म्हटलं, "भाऊ, यात अमेरिका आहे."

ते म्हणाले, "मंग आडवा नका ठेवू."

तुझं पहिलं पत्र मला पाठ आहे. "मी मणिबेलीचा आहे. आमच्या घरासमोर नदीकाठी एक दगड आहे. त्यावर बसून माझी आई मासे साफ करते. यंदा धरणाचं पाणी वाढलं आणि तो दगड बुडाला. आई आता कुठे बसते ते मी विचारलं नाही." एवढंच.

आज मला कुणी हे वाचायला दिलं तर मी चष्मा काढून गप्प बसेन. तेव्हाच्या त्या इस्त्रीच्या बाईला वाटलं, अरेरे, बिचाऱ्याला लिहिता येत नाही. तिनं ते घरी नेलं, पंखा लावला आणि बसली सुधारायला. ओट्यावर गेलं ते असं: "नर्मदामाईच्या निळ्याशार कुशीत विसावलेल्या आमच्या चिमुकल्या गावी, एका प्राचीन शिळेवर उभी राहून माझी वत्सल माता उगवत्या सूर्याला अर्घ्य देत असे."

अर्घ्य, रूपसिंग! तुझी आई! मासे मी काढले, कारण ओट्यावर सदाशिव पेठेची माणसं पुष्कळ. आणि मासे काढल्यावर बाई नदीवर रिकामीच उभी राहिली, म्हणून तिच्या हाताला काहीतरी काम दिलं. मी मणिबेली पाहिलेली होती का? नाही. नंदुरबारच्या पलीकडे मी जायचे ती नवापूरला, बहिणीकडे. ती निळीशार कूस मी पंख्याखाली बसून तयार केली होती.

लोकांना ते आवडलं, हीच खरी आपत्ती. टोरोंटोकर म्हणाले, डोळे पाणावले. मस्कतकर म्हणाले, हा खरा मातीतला आवाज. तू गठ्ठ्यात तुझं पत्र वाचलंस आणि पुढच्या डब्यातून चिठ्ठी आली: "बाई, मासे कुठे गेले?" मी लिहिलं, "संपादन असंच असतं." अशी सतरा पत्रं गेली. प्रत्येकात तू काहीतरी ठेवायचास आणि मी काढायचे.

मग डॅलसकर उठले. ओट्यावरचे सर्वात चिकट भांडकुदळ. त्यांनी लिहिलं, मी तरुणपणी त्या खोऱ्यात सर्वेक्षणाच्या कामावर राहिलेलो आहे. तिथल्या बाया अर्घ्य देत नाहीत आणि तिथली माणसं असली भाषा बोलत नाहीत. हा रूपसिंग नावाचा माणूस नाहीच. कुण्या बाईनं पंख्याखाली बसून रचलेलं हे सोंग आहे.

मी सलीमभाईंच्या स्टुलावर बसून ते वाचलं आणि खरंच वर पाहिलं. पंखा फिरत होता.

तुझं उत्तर दुसऱ्याच दिवशी डब्यातून आलं. आमचूर नव्हता त्या दिवशी. तू लिहिलं होतंस:

"डॅलसकर, तुझं बरोबर आहे. अर्घ्य माझं नाही, बाईचं आहे. माझी आई मासे साफ करायची, ते मासे बाईनं खाल्ले. पण मी खोटा नाही. तू ये. माझा काका नाव चालवतो. मी तुला नावेत बसवीन आणि पाण्यावरून जाताना खाली काय काय आहे ते सांगीन. हे खळं. हे माझ्या आजोबांचं मोहाचं झाड. इथे मी पडलो आणि हात मोडला. इथे आईचा दगड. तू काहीही विचार, मी सांगतो. बाईला विचारू नको. ती कधी आलेली नाही."

ते पत्र मी पाठवलं नाही.

कारणं मी पुढे वर्षानुवर्षं छान छान तयार केली. भांडण वाढलं असतं, तुझीच बदनामी झाली असती, वगैरे. खरं कारण एकच होतं. ओट्याच्या चालकांनी त्याच आठवड्यात मला लिहिलं होतं की नंदुरबारकर, तुमच्यामुळे आम्हाला खरा आवाज ऐकायला मिळाला. ते पत्र मी चारदा वाचलं होतं. चारदा वाचलेलं कौतुक कोण परत देतं?

आणि नुसतं थांबवून राहिले असते तर गोष्ट वेगळी. पण दुसऱ्या दिवशीच्या गठ्ठ्यात तुझं पत्र नसतं तर तुला कळलंच असतं. मग त्या हुशार बाईनं काय केलं? गठ्ठा उघडला, तुझं पत्र मध्ये घुसवलं, वर तारीख घातली, नंबर घातला एकेचाळीस, आणि फ्लॉपी डब्यात. तुला वाटावं की गेलं, जगभर पोचलं.

पुढचं मला तेव्हा सुचलंच नव्हतं. गेलं असं वाटल्यावर माणूस उत्तराची वाट बघणार ना? आणि उत्तर कुठून येणार?

पाचसहा दिवसांनी तुझी चिठ्ठी आली: "बाई, पाणी वाढतंय. आमचं घर उचलायचं आहे. काही दिवस डबा येणार नाही." मी ती वाचली आणि मनात म्हटलं, बहाणा. सतराव्या पत्रापर्यंत घर उचलावं लागलं नाही आणि आत्ताच लागलं? याला कुणी उत्तर दिलं नाही, म्हणून हा रुसला. शेकडो माणसांपुढे त्यानं जीव उघडून ठेवला आणि एकानं हूं केलं नाही, असं त्याला वाटतंय. आणि ते माझ्यामुळे.

तू पुन्हा ओट्यावर लिहिलं नाहीस. ओट्यानं ठरवून टाकलं की डॅलसकरांनी सोंग पकडलं. मी बसले गप्प.

मग ओटाही हळूहळू उठला. पासष्टाची चाळीस झाली, चाळिसाची बारा. चित्रांची पानं आली, लोक तिकडे गेले. तिथं उत्तर लगेच मिळायचं, रागही लगेच. शेवटी गठ्ठ्यात दोनच पत्रं असायची: एक वजन कमी करण्याच्या गोळ्यांची जाहिरात, आणि दुसरं मस्कतकरांचं, "कोणी आहे का?" मी आहे म्हणून लिहावंसं वाटायचं, पण लिहीत नव्हते. पुढे ज्या कंपनीकडे सगळी जुनी पत्रं साठवलेली होती तिनं कळवलं की अमुक दिवसानंतर सगळं पुसलं जाईल, ज्याला हवं त्यानं उतरवून घ्या. जगभरचे ओटेकर हळहळले. कुणी लिहिलं, आपलं तारुण्य पुसतायत. आणि मी? मी त्या दिवशी शिरा केला. बदाम घालून. कारण मला एकच धाक होता. कधीतरी तू कुठल्या तरी कॉम्प्युटरवर बसशील, तो जुना साठा उघडशील, आणि एकेचाळीस नंबरला तुला कुणा भलत्याचंच पत्र दिसेल.

साठा पुसला गेला. पण तू कुठे पुसला जाणार? तू दर वर्षी आमचूर घेऊन घरी यायचास. चपला काढायचास, खुर्ची सोडून जमिनीवर बसायचास, पाणी प्यायचास, आणि तोंड अगदी सरळ ठेवून विचारायचास:

"बाई, माझ्या पत्राला काही उत्तर?"

पहिल्या वर्षी माझ्या हातातला तांब्या पडला होता. "बस हं, चहा टाकते," म्हणत मी स्वयंपाकघरात पळायचे. ओट्याशी उभी राहून स्वतःला शिव्या द्यायचे आणि त्या भरात साखर घालत राहायचे, तीन चमचे, चार चमचे. बाहेर आणून दिला की तू एकेक घोट डोळे मिटून प्यायचास. मला वाटायचं, किती हे दुःख. डोळे मिटून गिळतोय बिचारा.

नंतर टोरोंटोकरांनी व्हॉट्सॲपवर 'जुना ओटा' नावाचा ग्रुप काढला. चौदा जण. भांडत कोणी नाही, सकाळी फुलं पाठवतात. माझी नात म्हणते, "आजी, तुमच्या काळचं ते म्हणजे ग्रुपच की." मी म्हणते, "नाही गं बाई, तिथे आम्ही वाचायचो." त्या ग्रुपात मी तुला घेतलं नाही. तिथे तू अजून सोंगच होतास. तू यायचास तेव्हा मी फोन पालथा ठेवायचे.

आपला वाद तेवढा राहिला. तू म्हणायचास, ज्याचा चेहरा दिसत नाही त्याच्याशी बोलणं म्हणजे विहिरीत हाक मारणं. मी म्हणायचे, नाही रे, चेहरा नव्हता म्हणूनच माणसं मनातलं बोलली. तू म्हणायचास, "कोणाच्या मनातलं, बाई?" आणि चहाचा कप पुढे करायचास. अजून आहे का, म्हणून.

तुझे दिवस झाल्यावर विमल आली. अक्कलकुव्याला दवाखान्यात नर्स आहे, तुझ्यासारखीच सरळ तोंडानं बोलते. पिशवीतून तिनं तो डबा काढला. झाकणाला पोचा पडलेला, तोच. "बाबा म्हणाले होते, हा बाईला परत दे. तिचा आहे."

डबा माझा नव्हताच, तुझा होता. उघडला. खाली आमचूर. वरच्या खणात घड्या घातलेले कागद, शाळेच्या त्या करकरणाऱ्या प्रिंटरचे, कडेला भोकं असलेले. तू तो गठ्ठा छापून ठेवला होतास. तोच गठ्ठा. पान उलटलं. एकेचाळीस: मस्कतकरांचं, आंब्याच्या पेट्यांबद्दल. पुढच्या पानावर पुन्हा एकेचाळीस: तुझं. दोन्ही आकड्यांभोवती पेन्सिलीनं गोल, आणि शेजारी तुझं अक्षर:

"एकेचाळीस दोनदा. बाईचं काम. पंखा चालू असणार."

मी कागदांची घडी परत घातली. मग विमलला विचारलं, "त्याला... कधीपासून माहीत होतं?"

"त्याच दिवसापासून, बाई. आम्ही लहान असताना ही गोष्ट बाबा आम्हाला झोपवताना सांगायचे. दोन एकेचाळीसची गोष्ट."

"अगं मग दर वर्षी मला विचारायचा तो, उत्तर आलं का म्हणून!"

विमल ओढणी तोंडाला लावून हसायला लागली. "चहासाठी. बाबांना साखरेचा त्रास, आई घरी एक चमचा घालायची नाही. बाबा म्हणायचे, बाईला पत्राचं विचारलं की ती चार चमचे घालते. वर्षाला एकदा चालतं."

नालायका! पंचवीस वर्षं मी रात्रंदिवस कढत बसले आणि तू बाहेर बसून गोड चहा पीत होतास!

मी हसले, रूपसिंग. इतकी हसले की विमलनं माझी नाडी धरली. आणि हसता हसता ते दगडासारखं काहीतरी, जे छातीत बसून राहिलं होतं, ते सुटलं. तू वाट बघत मेला नाहीस. शेकडो माणसं आपल्याला ऐकून गप्प बसली, असं मनात घेऊन तू गेला नाहीस. मला एवढंच हवं होतं.

पण मला अजून एक विचारायचं होतं. "मग लिहिणं का सोडलं त्यानं? माझ्यावरच्या रागानं ना?"

विमलनं मान हलवली. "नाही हो. त्या साली घर उचललं ना. आजोबांचं घर सगळं सोडवून वर डोंगरावर नेलं. सागाचे खांब, वासे, कौलं, सगळं खांद्यावर. पाणी खालून वाढत होतं. बाबा शाळा सुटली की तिकडेच. सगळं होईस्तोवर वर्ष गेलं. नंतर ते म्हणायचे, आता बसायची सवय मोडली." मग ती म्हणाली, "त्यांनी तुम्हाला चिठ्ठी पाठवली होती म्हणे."

पाठवली होतीस. "पाणी वाढतंय, घर उचलायचं आहे." साधी सरळ दोन वाक्यं. आणि मी म्हटलं, बहाणा. डॅलसकरांना मी पंचवीस वर्षं नावं ठेवली, की खऱ्या माणसाला खोटं म्हणाले. मी काय वेगळं केलं? ते निदान अर्घ्य वाचून फसले. मला तर तुझे स्वतःचे शब्द मिळाले होते, कोणी न सुधारलेले. तू खांद्यावर घराचा खांब घेऊन डोंगर चढत होतास, आणि मला वाटत होतं तू माझ्या पापाच्या भारानं वाकलायस. माझं पाप! केवढं मोठं समजत होते मी त्याला. तुझ्याकडे त्याच्यासाठी वेळच नव्हता. हे कळलं त्याचंही हसू आलं, पण ते जरा वेगळं हसू.

जाताना विमल चपला घालत म्हणाली, "मी एकदा विचारलं होतं, बाबा, आता तुमच्याकडे फोन आहे, तुम्हीच का नाही पाठवत ते पत्र? तर म्हणाले, डबा बाईच्या हातात दिला होता. ती देईल पुढे."

म्हणजे ते विचारणं चहासाठी होतं की पत्रासाठी? दोन्हीसाठी असेल. तू एका फेरीत दोन कामं करणारा माणूस.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी 'जुना ओटा' उघडला. आता यंत्रांना आपली अक्षरं येतात. एका बोटानं, तास दीड तास लावून, तुझं पत्र लिहिलं. एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. "ते मासे बाईनं खाल्ले" हेही. वर लिहिलं: हे एकेचाळीस नंबरचं पत्र मी पंचवीसेक वर्षांपूर्वी अडवून ठेवलं होतं. ती पंख्याखालची बाई मी. रूपसिंग खरा होता. तो आता नाही.

आणि पाठवलं.

दिवसभर कुणी काही बोललं नाही. फुलंसुद्धा थांबली. उत्तराला एक दिवस लागला, अगदी जुन्या ओट्यासारखा. दुसऱ्या दिवशी पहाटे डॅलसकरांचं आलं. आता ऐंशीच्या पुढे आहेत, चालता येत नाही. लिहिलं होतं: "नंदुरबारकर, बाई ओळखली होती. माणूस ओळखता आला नाही. त्यानं मला बोलावलं होतं, हे मला आज कळतंय. नाव अजून जाते का?"

मी विमलला फोन केला. ती म्हणाली, "जाते की. काकाआजोबांचा मुलगा चालवतो."

तसं मी त्यांना कळवलं. त्यांचं लगेच आलं: "मला जमणार नाही. तुम्ही जा. आणि दिसेल तसंच लिहा."

परवा जाऊन आले, रूपसिंग. सत्तरीच्या तोंडावर. खापरपर्यंत एसटी, पुढे जीप, मग उतार, तिथं विमलनं माझा दंड धरला होता, मग नाव. इंजिनाचा आवाज इतका की बोलताच येईना, हे बरंच झालं. मध्यावर पोचल्यावर विमलनं इंजिन बंद करायला लावलं आणि हातानं दाखवायला लागली. इथे खळं. इथे मोह. इथे बाबांचा हात मोडला. मी वाकून पाहिलं. पाणी होतं. निळं नव्हतं, मातकट होतं.

मी विचारलं, "आणि दगड?"

"तो बघा, त्या तिथे खाली."

मग मी ते विचारलं, जे आपण विचारलं नाही असं तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस. "मग तुझी आजी नंतर कुठे बसायची?"

"वर. नवा दगड शोधला तिनं. चला, दाखवते."

उचलून नेलेल्या घराच्या मागे आहे तो. तुझे खांब अजून सरळ आहेत, हे तुला सांगायचं राहिलं. दगडावर वाळलेले खवले चिकटलेले होते. आता तुझी वहिनी तिथे बसते. विमल म्हणाली, "आजी कायम कुरकुर करायची याच्यावर. म्हणायची, हा तसा नाही, हा बोचतो."

मी साडी सावरून त्यावर बसले. संध्याकाळी घरी येऊन ग्रुपात लिहिलं: दगड आहे. बोचतो. मासे होते.